निधी मंजूर होण्याआधी

मुंबईत बेस्ट उपक्रम दोन कामे करतो. शहर भागाला वीज पुरवतो आणि बस चालवतो. विजेचा दर वाढवायचा असला की बेस्टला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे याचिका दाखल करावी लागते. तिचा गोषवारा मराठीतूनही प्रसिद्ध होतो, वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते, कोणीही ग्राहक लेखी हरकत पाठवू शकतो आणि जनसुनावणीत उभा राहून बोलू शकतो. आयोगाचा आदेश उघडून पाहिला तर मुद्द्यामुद्द्याला ग्राहकांचे म्हणणे, त्यावर कंपनीचे उत्तर आणि शेवटी कारणांसह आयोगाचे मत अशी मांडणी दिसते. आता याच उपक्रमाची बस घ्या. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे ६ रुपयांवरून १२. महापालिकेची मंजुरी मिळाली, महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मिळाली, आणि नवे दर लागू झाले. लालबागच्या ज्या घराला विजेच्या बिलाबद्दल जाब विचारण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्या घराला बसच्या तिकिटाबद्दल विचारण्यासाठी एकही दार नव्हते. भाडेवाढ कदाचित गरजेची असेलही. ती का गरजेची आहे, हे प्रवाशाला आकड्यांनिशी समजावून सांगण्याचे बंधन मात्र कोणावरच नव्हते.

विजेच्या बाबतीतला हक्क आपसूक मिळालेला नाही. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ६४ ने लोकांच्या हरकती-सूचना विचारात घेऊन दरनिश्चिती करण्याचे बंधन आयोगावर घातले, ही झाली कायद्याची बाजू. दुसरी बाजू माणसांची. १९९९ मध्ये राज्यात आयोग स्थापन झाल्यानंतर पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांनी जाडजूड याचिका वाचल्या, आकडेमोड तपासली, सुनावण्यांना चिकाटीने हजेरी लावली, आणि आयोगाने त्यांना ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. वीज त्यामुळे स्वस्त झाली असा माझा दावा नाही. पण दर का वाढला, गळती किती आणि तिचा भार कोणावर, हे लेखी आणि सर्वांसमोर सांगण्याची सवय एका अवाढव्य क्षेत्राला लागली. वाहतुकीच्या क्षेत्रात, निदान पैशाच्या निर्णयांपुरती, ही सवय आपण लावूनच घेतलेली नाही. या पुस्तकाची जुळवाजुळव त्या अस्वस्थतेतून सुरू झाली.

एखादा मोठा रस्ता, मेट्रो किंवा उड्डाणपूल लोकांच्या दारात येण्याआधी बराच लांबचा प्रवास करून आलेला असतो. कुठल्या तरी प्रादेशिक योजनेत किंवा सर्वंकष वाहतूक आराखड्यात त्याची पहिली रेघ उमटते. मग सल्लागार नेमला जातो, तो सविस्तर प्रकल्प अहवाल म्हणजे डीपीआर करतो. मंत्रिमंडळ तत्त्वतः मान्यता देते, कर्ज देणाऱ्या संस्थांशी बोलणी होतात, अर्थसंकल्पात तरतूद होते. त्यानंतर जमिनीचा प्रश्न येतो, आणि तिथे प्रथमच सामान्य माणसाच्या हातात नोटीस पडते. म्हणजे काय बांधायचे, कशासाठी, किती पैशांत आणि त्याऐवजी दुसरे काय करता आले असते, हे सगळे ठरून गेल्यावर आपल्याला विचारले जाते की तुमच्या गट नंबरातून ते गेले तर तुमचे काही म्हणणे आहे का. आपल्याकडे लोकसहभाग नाही, ही तक्रार मला अपुरी वाटते. लोकसहभाग आहे, कायद्यात लिहिलेला आहे. तो पैसा ठरण्याच्या आधी यायला हवा होता आणि नेमका नंतर येतो, हे माझे म्हणणे आहे, आणि पुढची सगळी प्रकरणे त्याभोवती फिरतात.

कायदेच पाहा. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६. त्याच्या कलम ३-अ खाली भूसंपादनाची अधिसूचना निघते, दोन स्थानिक वर्तमानपत्रांत ती छापावी लागते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते, आणि कलम ३-क प्रमाणे २१ दिवसांत हरकत घेता येते. ही हरकत असते जमिनीच्या वापराबद्दल. महामार्ग हवाच का, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणले, त्यात गावपातळीवर सुनावणीही आली. पण याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीने राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे आणि मेट्रो यांचे जुने कायदे बाजूला काढून ठेवले. पुढे मोबदल्याच्या तरतुदी त्यांना लागू झाल्या, परिणामांचे मूल्यमापन झाले नाही. पर्यावरणाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना या सगळ्यांत उजवी म्हणावी लागेल. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, ३० दिवसांची पूर्वसूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, कामकाजाचे चित्रीकरण, आणि शेवटी लोकांचे मुद्दे जागीच वाचून दाखवण्याचे बंधन. तिच्या यादीत मेट्रो आणि लोहमार्ग नाहीत, आणि नवी जमीन न घेता होणाऱ्या रस्तारुंदीला जनसुनावणीतून सूट आहे.

महाराष्ट्रात सर्वांत ओळखीची सुनावणी म्हणजे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होणारी. विकास आराखड्याच्या सुनावणीला जे एकदा तरी गेले आहेत, त्यांना हे चित्र परके नाही. सभागृहाबाहेरच्या बाकांवर माणसे मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलेली असतात. पिशवीत सातबारा, मोजणीचा नकाशा, घरपट्टीची पावती. नाव पुकारले की आत जायचे, हरकत क्रमांक सांगायचा आणि घाईघाईने, आवाज कापत असताना, सांगायचे की साहेब, डीपी रोड माझ्या घरावरून जातोय. एखादा विचारतो, या गल्लीत २४ मीटरचा रस्ता कशाला, पलीकडच्या रस्त्याने बस का सुरू करत नाही? समितीतला सभ्य माणूस सांगतो, तुमच्या मिळकतीपुरते बोला. त्याचेही चुकत नाही. कायद्याने त्याच्यापुढे नकाशा ठेवलेला आहे. बसचा ताफा, तिचे अंदाजपत्रक, रस्त्याचा खर्च यांतले काहीच त्याच्या टेबलावर नाही.

आणि इतके करूनही हाती काय लागते याची खात्री नसते. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. वर्तुळाकार रस्ते, नगररचना योजना, गावोगावचे रस्ते असा तो मोठा पसारा होता. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, लोकांनी कामधंदा सोडून सुनावण्यांना हजेरी लावली. महानगर नियोजन समितीला डावलल्याच्या तक्रारीवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द करण्यात आला. ही समिती राज्यघटनेच्या कलम २४३-झेडई मधली आहे आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिका व पंचायतींच्या लोकप्रतिनिधींमधून निवडलेले असावे लागतात. महानगराच्या वाहतुकीवर आणि तिच्या पैशावर लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी एकत्र बसून बोलावे, यासाठी घटनेनेच केलेली ही सोय आहे. तिच्या बैठका किती नियमित होतात, हे आपापल्या महानगरात वाचकांनी विचारून पाहावे.

वरळीची हकिकत या पुस्तकात सर्वांत जास्त जागा घेते, आणि ती घ्यायला हवी असे मला वाटते. मुंबईचा सागरी किनारा रस्ता १०.५८ किलोमीटरचा, मरीन ड्राइव्हच्या बाजूने वरळीच्या सागरी सेतूपर्यंत. पैसा महापालिकेचा, म्हणजे मुंबईकरांचा. काम २०१८ मध्ये सुरू झाले. वरळी कोळीवाड्याच्या बोटी क्लीव्हलँड बंदरातून सुटतात आणि रस्त्याला सेतूशी जोडणारा पूल नेमका त्यांच्या वाटेवर. खांबांमधले अंतर आराखड्यात ६० मीटर होते. मच्छीमारांचे म्हणणे होते की तेवढ्यात भागणार नाही. कागदावर ६० मीटर पुष्कळ दिसतात, कारण कागदावर समुद्र स्थिर असतो. इथे तळाला खडक आहेत, पावसाळ्याच्या तोंडाला वारा आडवा येतो, बोट लाटेवर फेकली जाते, आणि येणारी-जाणारी अशा दोन बोटी एकाच वेळी त्या फटीत असू शकतात. सागरी सेतूच्या खांबांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांची मागणी २०० मीटरची होती.

महापालिकेच्या बाजूने सल्लागारांचे अहवाल होते, नौवहनाचे निकष होते, आणि आता बदल केला तर खर्च व मुदत दोन्ही वाढतील हा युक्तिवाद होता. दरम्यान १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली. १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. २०२१ मध्ये कोळ्यांनी समुद्रात बोटी उभ्या करून पुलाचे काम रोखून धरले. चर्चा, समित्या, बैठका झाल्या. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटरचे अंतर मान्य केले, सातव्या आणि नवव्या खांबांमधला आठवा खांब गळला.

हा आठवा खांब मला फार महत्त्वाचा वाटतो. मच्छीमारांनी समुद्राचे जे ज्ञान २०२२ मध्ये सरकारच्या गळी उतरवले, ते २०१२ मध्येही त्यांच्यापाशी होतेच. संकल्पचित्र कागदावर असताना कोणी बंदरावर जाऊन दोन तास बसले असते तर खांब पेन्सिलने पुसता आला असता. कंत्राट दिल्यानंतर तोच बदल करायला न्यायालय, आंदोलन आणि चार वर्षे लागली. सुनावण्यांमुळे प्रकल्प रखडतात असे अनेक अधिकारी मनापासून मानतात, आणि त्यांच्यातले बरेच जण प्रामाणिक आहेत. त्यांनी वरळीचा हिशेब या बाजूनेही मांडून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

मुंबईनेच याच्या उलटही करून दाखवले आहे, तेही सर्वांत अवघड ठिकाणी. लोकलच्या रुळांना अगदी खेटून हजारो झोपड्या होत्या. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी, म्हणजे एमयूटीपीसाठी, त्या हलवल्याशिवाय नवे रूळ पडणार नव्हते. जागतिक बँकेने जून २००२ मध्ये ५४ कोटी २० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले, पण विस्थापितांशी सल्लामसलत आणि त्यांचे पुनर्वसन या अटी त्याआधीपासून चर्चेत होत्या. राज्य सरकारने १९९७ मध्येच या प्रकल्पासाठी पुनर्वसनाचे धोरण स्वीकारले. पैसा मिळण्याची अट आणि लोकांना विचारण्याची अट इथे एकाच कागदावर आली होती. स्पार्क ही संस्था, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ, महिला मिलन आणि रेल्वेलगतच्या वस्त्यांची संघटना यांनी झोपड्यांची गणना केली. रहिवाशांनी स्वतः आपल्या वस्तीचे नकाशे काढले, झोपड्यांना क्रमांक दिले, याद्या वस्तीत सर्वांसमोर ठेवल्या, म्हणजे कोणाचे नाव सुटले असेल तर त्याला तिथल्या तिथे सांगता यावे. २००० सालाच्या सुरुवातीला हार्बर मार्गालगत झोपड्या पाडण्याची कारवाई झाली, तो कडू अपवाद. पण एरवी हजारो कुटुंबे पोलीस आणि बुलडोझर न येता रुळांपासून हलली. घर मिळाले २२५ चौरस फुटांचे. मानखुर्द आणि वाशी नाक्याच्या वसाहतींतल्या पुढच्या हालअपेष्टा, पाण्याची टंचाई, इमारतींची दाटी, यांवर या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे. ती बाजू झाकून ही गोष्ट सांगणे बरोबर नाही.

त्याच प्रकल्पाच्या रस्त्यांच्या भागात काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सांताक्रूझ–चेंबूर आणि जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यांवर दुकानदार होते, छोटे कारखानदार होते. पुनर्वसनाची आखणी मुख्यतः राहत्या घरांचा विचार करून झालेली, त्यामुळे मोठ्या दुकानालाही तोच २२५ चौरस फुटांचा हिशेब. त्यांचे म्हणणे कोणी ऐकेना. २००४ मध्ये त्यांनी थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली. पॅनेलने चौकशी केली, त्रुटी दाखवल्या, आणि १ मार्च २००६ रोजी बँकेने निधी रोखला. जूनअखेर सुधारणांच्या आश्वासनानंतर तो पुन्हा सुरू झाला. कुर्ल्याच्या दुकानदाराला न्यायासाठी वॉशिंग्टनला अर्ज करावा लागावा आणि तिथे तो ऐकला जावा, यात परदेशी बँकेची थोरवी मला दिसत नाही. पैसा देणाऱ्याने तक्रारीची खिडकी ठेवली आणि तिला पैसा थांबवण्याचे बळ दिले, एवढीच ती गोष्ट आहे. आपल्याच करांतून होणाऱ्या प्रकल्पांना अशी खिडकी ठेवण्यात अडचण काय आहे?

आरेच्या कारशेडचा वाद वाचकांना तपशिलाने माहीत आहे, म्हणून इथे एवढेच नोंदवतो की मेट्रो ३ साठी झाडे तोडण्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या, ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिली, ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत २,१४१ झाडे गेली होती. हरकती झाडांवर मागवल्या होत्या. लोक बोलत होते कारशेडच्या जागेबद्दल.

पैशाबद्दल लोकांना मुळीच विचारले जात नाही, असेही नाही. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा. बसथांब्याला शेड, पदपथाची दुरुस्ती, पथदिवे अशी कामे, एका कामाला ५ लाखांची मर्यादा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सुरू केलेल्या वाटेवरचा हा उपक्रम आहे आणि मला त्याचे मनापासून कौतुक आहे. पण त्याच शहरात २००६ च्या सुमारास विद्यापीठ चौकात उड्डाणपूल उभा राहिला आणि जुलै २०२० मध्ये मेट्रोच्या कामासाठी तो पाडला गेला. पथदिव्यासाठी नागरिकाची सही लागते आणि पुलासाठी लागत नाही, हे प्रमाण उलटे आहे. रेल्वेकडे पाहिले तर तिथे विभागीय व क्षेत्रीय सल्लागार समित्या आहेत, प्रवासी संघांची जुनी आणि झुंजार परंपरा आहे. निधी मात्र दिसतो अर्थसंकल्पासोबत येणाऱ्या पिंक बुकात. आपल्या मार्गासमोर नाममात्र १,००० रुपयांची तरतूद वाचून किती तालुक्यांनी सुस्कारे सोडले असतील! ते पुस्तक कसे वाचायचे, कुठल्या रकान्यात खरी रक्कम असते, याचे एक प्रकरण मुद्दाम घातले आहे.

सहभागाचा पुरस्कार करणाऱ्या आम्हा लोकांनाही एक गोष्ट तपासायला हवी. सुनावणीला कोण येते? ज्याची जमीन जाते तो येतो, ज्याचे दुकान तुटते तो येतो, आणि त्याने यायलाच हवे. पण पहाटेच्या बसने धुण्याभांड्यांच्या कामाला जाणारी बाई येत नाही, सायकलवरचा सुरक्षारक्षक येत नाही, पदपथच नसलेल्या रस्त्याने शाळेत जाणारी मुले येत नाहीत. रस्ता झाला नाही तर यांचे काय बिघडते आणि बस वाढल्या तर काय सुधारते, याची हरकत नोंदवायला त्यांच्याकडे सर्व्हे नंबर नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ने-आण मध्यवर्ती मानली. ते कागदावरून खाली यायचे असेल तर सुनावणी कचेरीतून उठून डेपोत, नाक्यावर, फलाटावर गेली पाहिजे, आणि संध्याकाळी झाली पाहिजे.

भाषेचेही तसेच. २०२० मध्ये पर्यावरण परिणामांच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केवळ इंग्रजी आणि हिंदीत निघाला. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत वाढवली. महाराष्ट्रातल्या प्रकल्पांचे डीपीआर मराठीत मिळण्याची वाट मात्र आपण अजून पाहतो आहोत. २०१७ च्या मेट्रो धोरणाने प्रत्येक प्रस्तावासोबत पर्यायांचा अभ्यास सक्तीचा केला: याच मार्गावर बीआरटी, ट्राम, साधी बस यांनी काम भागेल का, आणि किती पैशांत. डीपीआरमधले हे प्रकरण लोकांनी आधी मागून वाचावे. मंत्रिमंडळाच्या टिप्पणीआधी ते मराठीतून जाहीर करून त्यावर सुनावणी घेण्याला कुठलाही कायदा आड येत नाही.

हे लिहीत असताना शक्तिपीठ महामार्गाचा वाद चालू आहे. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत बारा जिल्ह्यांतून जाणारा सुमारे ८०२ किलोमीटरचा रस्ता. कोल्हापूर, सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, मोजणीला आलेल्या पथकांना परत पाठवले. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापुरातली अधिसूचना मागे घेतली गेली, आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन व आखणीसाठी २०,००० कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिली. बागायती जमिनीच्या मोबदल्याबद्दल शेतकरी बोलत आहेतच. पण गावोगावच्या सभांत त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला आहे: रत्नागिरी–नागपूर महामार्ग जवळपास याच दिशेने जातो, मग दुसरा कशासाठी? भूसंपादनाच्या हरकतीच्या अर्जात या प्रश्नाला रकाना नाही. तो कुठल्या टप्प्यावर, कोणापुढे आणि कोणत्या कायद्याखाली विचारता येईल, याच्या शोधाने पहिले प्रकरण सुरू होते.